मुंबई हायचं तळं आटलेलं नाही, कारण तिथे तळं नव्हतंच

‘मुंबई हायचं तेल संपलं, म्हणून सगळं बाहेरून आणावं लागतं,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं नाही.

मुंबई हाय म्हणजे अरबी समुद्रातलं, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवरचं तेलक्षेत्र. तिथे ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने 1974 साली तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि आज पन्नास वर्षांनीही ते चालू आहे. संपण्याची कल्पना येते ती ‘तेलाची विहीर’ या शब्दातून. समुद्राखाली तेलाचं तळं साठलेलं नाही. तेल आहे चुनखडीच्या बारीक छिद्रांत. कोरडी वीट बादलीत बुडवा, ती पाणी पिते. आता ते पिळून काढून बघा! तसंच हे काम. सुरुवातीला आतल्या दाबाने तेल आपसूक वर आलं. दाब घटला तसं समुद्राचं पाणी खाली सोडून तेल ढकलावं लागलं, आणि आता अनेक विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. ते वेगळं करायचं, गंजणाऱ्या पाइपलाइन बदलायच्या, भर समुद्रात माणसं ठेवायची. 2005 च्या जुलैमध्ये तिथे लागलेल्या आगीत 22 जण गेले, ते या तेलाच्या हिशेबात कुणी धरत नाही.

उत्पादन 1989 च्या शिखरापेक्षा खूपच घटलंय, हे मान्य. पण आयातीचं मूळ कारण आपली भूक आहे. देशाला रोज पन्नास लाख पिंपांहून जास्त तेल लागतं. मुंबई हाय ऐन भरात असतानाही पाच लाखांच्या आतच देत होतं.