ठिबकची नळी तडकते तेव्हा कोणती सरासरी घटते?

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागेत धुऱ्यावर टाकून दिलेली ठिबकची जुनी नळी वाकवून पाहा. उन्हाकडच्या अंगाला बारीक भेगा दिसतील. जरा जोर दिला की कटकन तुटेल. ‘उन्हानं त्यातलं तेल उडालं’, असं सर्रास सांगतात. ही नळी पॉलिइथिलीनची. तिच्यात उडून जाण्यासारखं तेल नसतंच. ऊन आणि ऑक्सिजन मिळून तिच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात.

इथिलीनच्या एका कडीचं वस्तुमान 28. म्हणजे 1,00,000 रेणुवस्तुमानाच्या साखळीत सुमारे 3,570 कड्या. दर साखळीमागे सरासरी एक घाव बसला, तरी साखळ्यांची संख्या दुप्पट होते आणि सरासरी 50,000 वर येते. लांब साखळ्या शेजारशेजारच्या स्फटिकांना बांधून ठेवतात. त्या आखूड झाल्या की बांधणी सुटते.

पण सरासरी कोणती? साखळ्या कधीच एका मापाच्या नसतात, म्हणून सरासरी दोन. एकूण वजनाला साखळ्यांच्या संख्येनं भागलं की संख्या-सरासरी मिळते; वर 50,000 वर आलेली ती हीच. प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतकं महत्त्व दिलं की वजन-सरासरी. दुसरीला पहिलीनं भागलं की पॉलिडिस्पर्सिटी, म्हणजे साखळ्यांच्या मापांतली तफावत सांगणारा आकडा. ती 1 पेक्षा कमी येऊच शकत नाही. आली, तर आकडेमोड तपासा.

10,000 आणि 1,00,000 वस्तुमानाच्या साखळ्या घेऊ, दोन्ही 10-10 ग्रॅम. मोल, म्हणजे साखळ्यांची संख्या मोजायचं एकक, किती? 10 भागिले 10,000 म्हणजे 0.001, आणि 10 भागिले 1,00,000 म्हणजे 0.0001. एकूण 0.0011. संख्या-सरासरी 20 भागिले 0.0011, म्हणजे 18,182. वजनं सारखी असल्यानं वजन-सरासरी सरळ 55,000. पॉलिडिस्पर्सिटी 3.03.

आता ग्रॅमऐवजी 10-10 साखळ्या घ्या. संख्या-सरासरी 55,000, वजन-सरासरी 91,818, पॉलिडिस्पर्सिटी 1.67. घोटाळा नेमका इथेच होतो. साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीला जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी म्हणतात. तिच्या आलेखाची उंची, नेहमीच्या अपवर्तनांक शोधकावर (प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या उपकरणावर), वजनाच्या प्रमाणात असते. ती संख्या समजून सूत्रात घातली, तर खरी वजन-सरासरी ‘संख्या-सरासरी’ म्हणून छापली जाते आणि नमुना आहे त्यापेक्षा एकसारखा भासतो. बरोबर रीत अशी: उंचींची बेरीज भागिले (उंची ÷ वस्तुमान) यांची बेरीज ही संख्या-सरासरी, (उंची × वस्तुमान) यांची बेरीज भागिले उंचींची बेरीज ही वजन-सरासरी. संख्या-सरासरीत वस्तुमान छेदात आहे, त्यामुळे आलेखाच्या हलक्या टोकाकडे बेसलाइन (आलेखाची शून्य-रेषा) जराशी चुकली तरी ही सरासरी भलतीकडे जाते.

घाव कुठेही, कसेही बसत राहिले, तर पॉलिडिस्पर्सिटी हळूहळू 2 कडे सरकते. ‘मातीत विरघळणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मल्चिंग पेपरांत हेच घाव लवकर बसावेत म्हणून धातूंचे क्षार घालतात. पेपरचा भुगा होतो, पण तो भुगा वावरातच राहतो. तुकडे झाले म्हणजे प्लास्टिक संपलं, हा दावा खोटा आहे.

तपासणीला नळीचा तुकडा अख्खा दळू नये. नळीत मिसळलेल्या काजळीमुळे ऊन आत शिरत नाही, इजा वरच्या थरालाच होते. आतल्या धडधाकट भागात ती लपते. वरचा पातळ थर खरवडून वेगळा घ्यावा. पॉलिइथिलीन साध्या द्रावकांत थंड विरघळत नाही. ट्रायक्लोरोबेंझीन या द्रावकात सुमारे 150 अंशांवर विरघळवावं लागतं. उन्हानं काही साखळ्या एकमेकींना जोडल्याही जातात. त्यांचा न विरघळणारा गोळा गाळणीवर अडकतो, म्हणून त्याचं वजन वेगळं नोंदवावं. नाहीतर सगळ्यात मोठे रेणूच हिशेबातून गळतात.