ताक्ना–आरिका रेल्वे

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरूतील ताक्ना आणि चिलीतील आरिका या शहरांना जोडणारा सुमारे 60 किमी. लांबीचा एकेरी लोहमार्ग. 1856 मध्ये सुरू झालेला हा मार्ग खंडातील सर्वांत जुन्या रेल्वेंपैकी एक आहे. आज तो आंतरराष्ट्रीय म्हणून ओळखला जातो, पण बांधला गेला तेव्हा दोन्ही शहरे पेरूतच होती आणि सरहद्द कित्येक मैल दूर होती. अमृतसर–लाहोर मार्गाची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला हा क्रम नवा वाटणार नाही : रूळ आधी, सीमा नंतर.

हा सारा मुलूख अटाकामा वाळवंटाचा. आरिकात ऑक्टोबर 1903 पासून पुढची चौदा वर्षे पाऊसच पडला नाही, असा विक्रम नोंदलेला आहे. अशा जागी रेल्वे आली ती बोलिव्हियाच्या व्यापारामुळे. पोतोसीची चांदी वसाहतकाळापासून आरिका बंदरातून बाहेर जात असे, तर डोंगराकडचा माल खेचरांच्या तांड्यांवरून ताक्नात उतरे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर असलेल्या या गावातील व्यापारी पेढ्यांना बंदरापर्यंतचा वाळूचा टप्पा जाचक होता. तो ओलांडणारी रेल्वे बांधण्याचा परवाना पेरू सरकारने होसे हेगन यांना दिला. मार्ग प्रमाण रुंदीचा, म्हणजे 1,435 मिमी.चा घातला गेला. ऑगस्ट 1868 च्या भूकंपाने व त्सुनामीने आरिका उद्ध्वस्त झाले. त्या लाटेने ‘वॉटरी’ ही अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावरून आत जमिनीवर नेऊन ठेवली होती.

खरी उलथापालथ पॅसिफिकच्या युद्धाने (1879–83) केली. 26 मे 1880 रोजी ताक्नाबाहेरच्या माळावर पेरू व बोलिव्हियाच्या संयुक्त फौजेचा पराभव झाला आणि 7 जून रोजी चिलीच्या सैन्याने आरिकाचा कडा सर केला. 1883 च्या आंकोन तहानुसार दोन्ही प्रांत दहा वर्षांसाठी चिलीच्या ताब्यात गेले. त्यानंतर सार्वमत घ्यायचे ठरले. ते कधीच झाले नाही. अटी कोणी ठरवायच्या, मतदार कोणाला म्हणायचे, यावर वाद लांबत गेला आणि दरम्यान चिलीने तेथील पेरूवियन शाळा, वृत्तपत्रे व पाद्री हटवण्याचे धोरण राबवले. 1925 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी लवाद म्हणून सार्वमताचा निवाडा दिला. अमेरिकेचे जनरल पर्शिंग सार्वमत आयोगाचे प्रमुख म्हणून आरिकात आले. पण निःपक्ष मतदान अशक्य असल्याचे पुढच्याच वर्षी जाहीर करावे लागले.

अखेर 3 जून 1929 च्या लिमा तहाने ताक्ना पेरूला परत मिळाले, आरिका चिलीकडे राहिले, शिवाय चिलीने 60 लाख डॉलर द्यायचे ठरले. या तहातला रेल्वेचा भाग विलक्षण आहे. सीमा आखताना आधार घेतला तो वेगळ्याच एका लोहमार्गाचा : ल्युता नदीवरील पुलाच्या दहा किमी. उत्तरेस किनाऱ्यावर आरंभबिंदू धरून, तिथून आरिका–ला पाझ रेल्वेच्या चिलीतील भागाला समांतर, दहा किमी. अंतर राखून रेषा ओढली गेली. ताक्नाचा मार्ग मात्र या रेषेने आडवा कापला. चिलीच्या हद्दीतील त्याच्या भागाची मालकी पेरूकडे राहिली. आरिकाच्या उपसागरात पेरूसाठी धक्का, जकात कार्यालय आणि ताक्ना रेल्वेचे अंतिम स्थानक बांधून देण्याचेही चिलीने मान्य केले. या तरतुदींच्या अंमलबजावणीचा करार व्हायला 1999 साल उजाडले. सत्तर वर्षे एका धक्क्यासाठी! शेजाऱ्यांमधला अविश्वास किती खोल होता, याचे यापेक्षा बोलके माप शोधावे लागणार नाही.

तोवर रेल्वेचा मूळ धंदा बुडालेला होता. बोलिव्हियाशी झालेल्या 1904 च्या करारानुसार चिलीने बांधलेली मीटर गेज आरिका–ला पाझ रेल्वे 1913 मध्ये सुरू झाली आणि बोलिव्हियाचा माल ताक्नाला वळसा घालून थेट बंदरात जाऊ लागला. ताक्नाच्या मार्गावर उरली ती मुख्यतः स्थानिक वाहतूक. पुढे वाफेच्या इंजिनांची जागा लहान डिझेल रेलकारने घेतली. पारपत्राची तपासणी सीमेवर न होता स्थानकांतच होत असे. सव्वा-दीड तासाच्या या प्रवासात घड्याळ मात्र ऋतूनुसार एक किंवा दोन तास पुढे-मागे करावे लागे.

1970 च्या दशकातील तणावात चिलीने सीमेलगत भूसुरुंग पेरले. फेब्रुवारी 2012 मध्ये डोंगरातील पावसाने आलेल्या पुराने त्यांपैकी काही वाहून आणले आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी थांबलेली रेल्वेसेवा 2016 मध्ये पूर्ववत झाली. चिलीने आपली जमीन सुरुंगमुक्त झाल्याचे फेब्रुवारी 2020 मध्ये जाहीर केले. लगेच मार्चमध्ये करोनामुळे सीमा बंद झाली आणि गाडीही थांबली.

आरिकाचे लोक दंतवैद्य, चष्मे व जेवणासाठी ताक्नाला सर्रास जातात. त्यासाठी त्यांना बस आणि सामायिक टॅक्सी सोयीच्या पडतात. त्यामुळे प्रवासी नाहीत म्हणून नव्हे, तर रस्ता स्वस्त आणि वारंवार उपलब्ध आहे म्हणून ही रेल्वे मागे पडली. ताक्नाच्या जुन्या स्थानकात आता रेल्वे संग्रहालय असून तिथे वाफेची इंजिने जतन केलेली आहेत.