एलायझा किटमागची वाट

रक्तातले एखादे मानवी प्रथिन मोजायचे एलायझा किट (प्रतिपिंड आणि एन्झाइम वापरून करायच्या चाचणीचा संच) उघडले, की प्रतिपिंडांचा, म्हणजे परक्या पदार्थाला नेमके पकडणाऱ्या प्रथिनांचा, थर दिलेली ९६ खळग्यांची प्लेट, एन्झाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड, रंग देणारे द्रावण आणि प्रमाणित प्रथिनाची कुपी हाती येते. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्याच अडचणीतून जन्मली.

सुरुवातीला तर मोजमापाचा प्रश्नच नव्हता. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचून ते शरीरात किती टिकते हे पाहत होते. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त काळ रेंगाळत होते. त्या काळी इन्सुलिन गुरांपासून, डुकरांपासून मिळे. त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्याला धरून ठेवत होती. एवढ्याशा प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनत नाहीत, असा तेव्हा समज होता. त्यामुळे १९५६चा निबंध छापला गेला तो शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द गाळूनच. यालोबाईंनी निबंध आधी नाकारणाऱ्या नियतकालिकाचे पत्र जपले आणि १९७७च्या नोबेल व्याख्यानात मांडले. बर्सन १९७२मध्येच वारले होते.

मग दोघांनी हीच पकड मोजपट्टी म्हणून वापरली. मोजक्या प्रतिपिंडांवर नमुन्यातले आणि किरणोत्सारी अशी दोन्ही इन्सुलिने हक्क सांगतात. नमुन्यात इन्सुलिन जास्त, तर किरणोत्सारी इन्सुलिन तितके कमी बांधले जाते. १९६०मध्ये या रेडिओइम्युनोअ‍ॅसेने माणसाच्या रक्तातले इन्सुलिन मोजल्याचे प्रसिद्ध झाले. पेटंट त्यांनी घेतले नाही.

पण आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, शिवाय परवाने आणि किरणोत्सारी कचरा आलाच. १९७१मध्ये स्टॉकहोमला इव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमन यांनी, तर नेदरलँड्सच्या ऑर्गॅनॉन कंपनीत आंटोन स्खूर्स व बाउके व्हान वेमेन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, किरणोत्साराच्या जागी रंग उमटवणारे एन्झाइम बसवले आणि एलायझाचा पाया पडला. प्लेट त्याहून जुनी: हंगेरीच्या ग्युला ताकात्सी यांनी तिचे पहिले रूप १९५१च्या सुमारास इन्फ्लुएंझाच्या तपासण्यांसाठी बनवले होते.

एक उणीव उरली होती. प्राण्यांपासून मिळणारी प्रतिपिंडे दर खेपेला थोडी वेगळी निघत. १९७५मध्ये केंब्रिजला केलर आणि मिल्स्टीन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकसारखी प्रतिपिंडे काढली आणि प्रथिनाला दोन ठिकाणी पकडणारी ‘सँडविच’ पद्धत कारखान्यात खात्रीने बनवता येऊ लागली. माझ्या मते किट हा बाजारचा माल झाला तो इथे.

मात्र प्रत्येक उत्पादक प्रतिपिंडांची जोडी आपली निवडतो, आणि ती प्रथिनाचा वेगळा भाग पकडते. हृदयातल्या ट्रोपोनिन-आय या प्रथिनाचे उदाहरण घ्या: रक्तात ते सुटे, जोडलेले, तुटलेले अशा अनेक रूपांत फिरते, म्हणून एकाच नमुन्याला दोन कंपन्यांच्या चाचण्या वेगवेगळे आकडे देतात आणि प्रत्येकीची सामान्य-असामान्य ठरवणारी मर्यादारेषा वेगळी ठेवावी लागते.