पुनर्दर्शन, मालिकांचे (कोकण)

शेवट ठाऊक असलेली दूरचित्रवाणी मालिका आपणहून पुन्हा पाहण्याची रीत. वाहिनीने लावलेले पुनःप्रसारण आणि प्रेक्षकाने निवडलेले पुनर्दर्शन यांत अभ्यासक भेद करतात. दुपारची निजानीज झाल्यावर चालू राहणाऱ्या टीव्हीपुढे तो भेद फारसा टिकत नाही.

या रीतीची कारणमीमांसा मुख्यतः मानसशास्त्रातून आली. परिचयाने पसंती वाढते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले. मात्र त्यांच्या प्रयोगांत निरर्थक शब्द, अपरिचित लिपीचिन्हे आणि चेहरे होते, कथा नव्हती. त्यामुळे आवड का वाढते हे उलगडले, तरी दिलासा का मिळतो हे उलगडत नाही. डॉनल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये पडद्यावरील व्यक्तीशी जुळणाऱ्या एकतर्फी जवळिकीची संकल्पना मांडली. मनाला थकवणाऱ्या कामानंतर परिचित कथाविश्व मनाचा संयम सावरते, असे जे. डेरिक यांचा २०१३ चा अभ्यास सुचवतो. क्रिस्टेल रसेल व सिडनी लेव्ही (२०१२) यांच्या मते पुन्हा पाहणारा दरम्यान आपण किती बदललो तेही ताडून पाहतो. कोकणाच्या संदर्भात हे शेवटचे मत अधिक उपयोगी दिसते.

कारण कथा आधीच माहीत असणे ही येथे अडचण कधीच नव्हती. दक्षिण कोकणातील दशावतार या लोकनाट्यात संकासुर या दैत्याचा वध होणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. तरी लोक जत्रेत पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसून राहतात. हा खेळ आडिवरे येथील शामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास कोकणात आणला, असे परंपरा सांगते. परंतु दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख असून समर्थ रामदास १६८२ च्या सुमारास निवर्तले. तेव्हा काळे यांना प्रवर्तकापेक्षा घडी बसवणारे मानणे सयुक्तिक ठरते. खेळाचे मूळ कर्नाटकातील यक्षगान या लोकनाट्यात शोधणारे मतही आहे. साम्य असले तरी साम्यावरून उगम सिद्ध होत नाही. दशावताराशी मालिकेची तुलना एका मर्यादेतच करावी. दशावताराला लिखित संहिता नसते, आख्यान तेच असले तरी संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त रचले जातात. मालिकेत मात्र तेच वाक्य त्याच सुरात येते आणि पाहणारा ते आधीच पुटपुटतो.

उत्तरेकडे नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांचा प्रेक्षकही असाच जाणता असतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कोकणातील गावांत संच रुजले ते साधारणतः १९८० च्या दशकात. २५ जानेवारी १९८७ पासून दाखवलेली ‘रामायण’ ही मालिका टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने पुन्हा लावली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले आणि रायगड व दापोली-मंडणगड भागांतील अनेक गावे कित्येक आठवडे विजेविना राहिली. मालिका नवी असो वा जुनी, तेथे तेवढा काळ प्रश्नच मिटला.

मालवणी बोलीपुरते पाहता २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’चे उदाहरण ठळक आहे. सिंधुदुर्गातील आकेरी येथे चित्रित झालेली ही भयमालिका. भुताचा उलगडा एकदा झाला की भीती ओसरते. मग उरते ते घर, अंगण, भाऊबंदकी आणि आपल्या बोलीतला वाद. नोकरीसाठी शहरात गेलेल्या चाकरमान्याला दुसऱ्यांदा पाहायचे असते ते बहुधा हेच.