यकृत पर्णकृमी : बेळगाव सीमाभागातील नदीकाठ

यकृतातील पित्तनलिकांत राहणाऱ्या चपट्या, पानासारख्या कृमींमुळे होणारा रोग. बेळगाव जिल्हा व लगतच्या सीमाभागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या काठी हा मुख्यतः गाई-म्हशींचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा रोग होय. माणसांत तो क्वचितच सापडतो. भारतातील तुरळक नोंदी बहुतांशी उत्तरेकडील व ईशान्येकडील आहेत. थायलंड-लाओसमधील नदीकाठच्या लोकांतील मोठे प्रमाण इकडे लावणे योग्य नाही. तिकडचा ऑपिस्थॉर्किस हा कृमी गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून पोटात जातो. कुडची-उगारकडे नदीतला मासा तळून किंवा कालवण करून खातात.

कृमीची जात हा जुना वादविषय आहे. लिनीअसने १७५८ मध्ये फॅसिओला हेपॅटिका ही जात नोंदवली. कॉबल्डने १८५५ मध्ये जिराफाच्या यकृतातील लांबट कृमीला फॅसिओला जायगँटिका हे नाव दिले. भारतीय म्हशींतील कृमी या दोहोंहून निराळा मानून वर्मा यांनी १९५३ मध्ये फॅसिओला इंडिका ही स्वतंत्र जात मांडली. पुढील अभ्यासकांनी ती बहुधा जायगँटिकाचाच भेद मानली, आणि ते अधिक पटणारे आहे. कारण कृमीची लांबी-रुंदी त्याचे वय, यजमान जनावर आणि यकृतातील गर्दी यांनुसार बदलते. आशियात अनेक ठिकाणी दोन्ही जातींचे संकरित कृमीही आढळले आहेत. सर्वसाधारणपणे हेपॅटिका थंड डोंगराळ भागातला, तर जायगँटिका उष्ण मैदानी भागातला समजला जातो. दख्खनच्या नदीखोऱ्यांत म्हणूनच जायगँटिका गृहीत धरतात. तो सुमारे ७.५ सेंमी.पर्यंत वाढतो. रोगी यकृत कापून जाड झालेली पित्तनलिका दाबली, की तपकिरी पित्तासोबत हे कृमी बाहेर घसरतात.

शेणातून पडलेली अंडी पाण्यात उबतात. त्यांतील डिंभ (अळी) लिम्निया गटातील पाणगोगलगाईत शिरतो आणि तिच्यात संख्येने वाढून पुन्हा पाण्यात येतो. मग तो गवताच्या काडीला चिकटून कवच धरतो. संथ पाण्याचे पाट, कालव्याचे झिरप, खानापूरकडची भातखाचरे, पूर ओसरल्यावर मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) राहिलेली डबकी या गोगलगाईंना मानवतात. पाणी आटू लागले की गुरे काठाच्या हिरव्या पट्ट्यात उतरतात. लागण तेथेच होते. पुढे जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते.

माणसाला धोका आहे तो पाण्यात वाढलेल्या कच्च्या पाल्याचा आणि न उकळलेल्या पाण्याचा. भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला खाण्याची चाल या भागात सर्वत्र आहे. शेतातल्या कोरड्या वाफ्यातील पाला सहसा निर्धोक असतो. गुरे डुंबतात त्या पाटाचे पाणी वाफ्यात साचत असेल किंवा जुड्या त्याच पाटात बुडवून ठेवल्या जात असतील, तर मात्र शंका धरावी. चिकटलेले कवच नुसत्या विसळण्याने जाईल याची खात्री नाही. शिजवल्यावर धोका राहत नाही.

निदानात दोन अडचणी येतात. पहिले काही महिने कृमी यकृतातून वाट काढीत असतात. तेव्हा ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची वाढ दिसते, पण शौचात अंडी नसतात. हे दुखणे यकृतातील गळू समजले जाऊ शकते. दुसरी अडचण उलटी आहे : लागण झालेल्या बकऱ्याची कलेजी खाल्ल्यास निरोगी माणसाच्या शौचातही अंडी दिसतात. यासाठी काही दिवस कलेजी बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी. हे न पाळता केलेल्या पाहणीत प्रमाण फुगते.

उपचारात ट्रायक्लाबेंडाझोल वजनाच्या दर किलोला १० मिग्रॅ. या मात्रेत देतात. इतर पर्णकृमींवर चालणारे प्राझिक्वांटेल येथे उपयोगी पडत नाही. शाळांतून मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळीवरही या रोगासाठी विसंबता येत नाही.