तमनार म्हणजे नेमके काय? गोव्याच्या वीज धोरणावरील आक्षेपांची पार्श्वभूमी

2020 पासून गोव्यात 'तमनार' हा शब्द वीज या शब्दाच्या जोडीनेच ऐकू येतो. मोलेजवळच्या सांगोडला विजेचे उपकेंद्र दिसले की लोक म्हणतात, हे तमनार. शेतात टॉवर उभा राहिला की तो तमनारचा टॉवर. ग्रामसभेत या विषयावर हात वर करणाऱ्या बऱ्याच जणांना तमनार हे गाव आहे की कंपनी, याची खात्री नसते. त्यात त्यांचा दोष नाही. हे नाव सुरुवातीपासूनच इतके गुंतागुंतीचे ठेवले गेले की सरकार, विरोधक आणि वृत्तपत्रे असे तिघेही तीन वेगळ्या अर्थांनी ते वापरत आले. सरकारच्या ऊर्जा आणि हवामान धोरणावर पर्यावरणाच्या बाजूने जे आक्षेप घेतले जातात ते समजायचे तर आधी हा शब्द सोडवावा लागतो. त्याच्याही आधी एक गोष्ट ध्यानात हवी: आपली वीज आपण बनवत नाही.

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. कोरबा, विंध्याचल, सिपत, रामागुंडम येथील कोळशावरच्या केंद्रांतला आपला ठरलेला वाटा राष्ट्रीय ग्रीडमधून येतो. थोडी वीज कैगासारख्या अणुवीज केंद्रांतून येते. सांकवाळला 1999 साली 48 मेगावॅटचा खाजगी प्रकल्प सुरू झाला होता. तो नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनावर चालायचा, त्यामुळे वीज महाग पडायची. पंधरा वर्षांचा करार 2014 मध्ये संपला आणि मागे राहिले थकबाकीचे भांडण, ते सर्वोच्च न्यायालयात 2023 साली निकाली निघाले. घरच्या निर्मितीचा आपला अनुभव एवढाच.

पोर्तुगीज काळात विजेचे दिवे शहरांपुरते होते. 1961 नंतरची दोन-अडीच दशके गावोगाव खांब उभारण्यात गेली. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जळते हा प्रश्न त्या काळात कोणी विचारला नाही. घरात पहिला बल्ब लागला तो दिवस आठवणारी माणसे अजून आहेत, आणि त्या आनंदात काही खोट नव्हती. इथली पर्यावरण चळवळही तेव्हा विजेकडे वळली नव्हती. केरीच्या पठारावरच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्ध 1995 च्या जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात एक तरुण गेला. तो झगडा कारखान्याचा, पाण्याचा आणि जमिनीचा होता. खाणींचा झगडा त्याहून जुना आणि वेगळा. तो वाचकांना नव्याने सांगायला नको.

कोळसा आपल्या दारात आला तो मुरगाव बंदरातून. वास्कोत बंदराच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका कुटुंबाकडे मी डिसेंबरात दोन दिवस होते. सकाळी खिडकीची कड ओल्या फडक्याने पुसली की फडके काळे व्हायचे आणि दुपारी पुन्हा तेच. त्या घरच्या आजी वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय आत नेत नसत, आणि तुळशीची पाने धुतल्याशिवाय देवाला वाहत नसत. 2017 साली बंदराची कोळसा हाताळण्याची क्षमता वाढवण्याच्या प्रस्तावांवर वास्कोत जनसुनावणी झाली. बोलणाऱ्यांची यादी संपेना म्हणून ती कित्येक दिवस चालली. मच्छीमार, डॉक्टर, शिक्षक, गृहिणी, सगळे बोलले. त्याच्या आदल्या वर्षी मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, म्हापसा, शापोरा आणि साळ या सहा नद्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याखाली आल्या होत्या. त्यामुळे आता नदीतूनही कोळसा जाणार ही भीती त्या सुनावणीत जागोजाग ऐकू आली.

इथे एक गफलत होते. वास्कोला उतरणाऱ्या कोळशातून आपल्या घरातला पंखा फिरत नाही. तो कोळसा मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आपल्या विजेसाठी जळणारा कोळसा छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणात जळतो आणि त्याची राख तिथल्या शेतांवर पडते. म्हणजे गोव्याचे कोळशाशी नाते दोन प्रकारचे आहे. परक्याचा कोळसा आपल्या फुप्फुसांतून जातो आणि आपला कोळसा परक्यांच्या. चळवळीच्या घोषणांत ही दोन्ही नाती बरेचदा एकच होतात. सरकारी उत्तरात मात्र ती सोयीने वेगळी काढली जातात: 'वास्कोच्या कोळशाचा विजेशी संबंध नाही' एवढे सांगून विषय मिटवला जातो.

आता तमनार. छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात या नावाची तहसील आहे. गारे-पेलमा हे मोठे कोळसा क्षेत्र तिथेच. अनेक खाणी आणि औष्णिक वीज केंद्रे त्या एका टापूत दाटीने उभी आहेत. गारे गावचे लोक कित्येक वर्षे 2 ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह करतात: जमीन आमची, तर कोळसाही आमचा, असे म्हणत ते आपल्याच शेतातला कोळसा उकरतात. गोव्याहून हे ठिकाण हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे.

मग गोव्यात येणाऱ्या आपल्या वीजवाहिनीला त्याचे नाव कसे चिकटले? 2017 साली केंद्राच्या योजनेत पारेषणाची, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याची, दोन कामे एकाच निविदेत बांधली गेली. पहिले काम म्हणजे गोव्याला 400 के.व्ही.चा (किलोव्होल्टचा) जादा पुरवठा, धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रातून. दुसरे म्हणजे छत्तीसगडमध्ये तमनारजवळ एकत्र होणारी निर्मिती केंद्रांची वीज बाहेर काढण्यासाठी 765 के.व्ही.ची वाहिनी. ठेकेदार एक, कंपनी एक, आणि त्या कंपनीच्या नावात 'गोवा' आणि 'तमनार' शेजारी शेजारी. तमनारहून निघून थेट गोव्यातल्या मोलेच्या जंगलात उतरणारी तार कागदावरही कधी नव्हती. दोन्ही टोकांची कामे एका पाकिटात होती, एवढेच.

म्हणून सरकार म्हणते की तमनारची वीज गोव्यात आणतो असे म्हणणेच चूक, ही फक्त ग्रीडची बळकटी आहे. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. ग्रीडमध्ये शिरलेल्या विजेवर गावाचे नाव नसते, आणि उद्या त्याच तारेतून राजस्थानची सौरऊर्जाही येऊ शकेल. चळवळीचे म्हणणे असे की ज्या योजनेत कोळशाच्या केंद्रांना वाट करून देण्याचे काम आणि आपल्या जंगलातून तार नेण्याचे काम एकत्र बांधले, ती कोळशाचीच योजना. हेही अर्धे खरे आहे. पण मला वाटते, दोन्ही बाजू ज्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत ती जास्त महत्त्वाची. तमनारशी गोव्याचे नाते या वाहिनीच्या कितीतरी आधीचे आहे. 2008 साली गारे-पेलमा सेक्टर-3 हा कोळसापट्टा गोव्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या नावावर झाला होता. म्हणजे ज्या तहसीलच्या नावाने आपण आज घोषणा देतो, तिथल्या जमिनीखालचा कोळसा कधीकाळी कागदोपत्री आपल्याच राज्याचा होता. 2014 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले 214 पट्टे रद्द केले, त्यात हाही गेला आणि पुढे छत्तीसगडच्याच सरकारी वीज कंपनीकडे आला. त्यानंतर मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीचा डोंगरी ताल-2 हा पट्टा त्याच महामंडळाला मिळाला.

गोव्यात त्या 2008 च्या वाटपावर एक मोर्चाही निघाल्याचे मला आठवत नाही. सहा वर्षे पट्टा आपल्याकडे होता. आपल्या डोंगरांतल्या लोहखनिजावर तेव्हा रोज लिहिले जायचे, तमनारच्या कोळशावर नाही. ही टीका मी चळवळीला परकी म्हणून करत नाही, मीही तेव्हा गप्पच होते.

2019 च्या अखेरीपासून 2020 च्या उन्हाळ्यापर्यंत जे घडले त्याने चित्र पालटले. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. त्यातून तीन कामे जाणार होती: महामार्गाचे रुंदीकरण, रेल्वेचे दुपदरीकरण आणि 400 के.व्ही.ची वाहिनी. पन्नास हजारांहून अधिक झाडे जाणार होती. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी असताना वन्यजीवविषयक केंद्रीय समितीची बैठक दूरस्थ पद्धतीने झाली. वनात जायला बंदी, लोकांना घराबाहेर पडायला बंदी, आणि मंजुऱ्या मात्र मिळाल्या. त्या उन्हाळ्यात घरी अडकलेल्या विद्यार्थ्यांनी आणि वास्तुविशारदांनी पर्यावरण आघात अहवाल ओळीनओळ वाचले, चित्रे काढली, पत्रे लिहिली. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरच्या रुळांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन बसले. तो विरोध दुपदरीकरणाला होता, पण तिथल्या फलकांवर तिन्ही कामे होती.

सांगोडला मी त्याच वर्षी पावसानंतर गेले. उपकेंद्रासाठी झाडे तोडून झाली होती. बुंधे जमिनीपासून हातभर उंचीवर कापलेले, त्यांवर डिंकाचे गोळे सुकलेले, आणि मधल्या लाल मातीत यंत्राच्या चाकांचे खोल माग. पुढे एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मालकाने पोफळी दाखवल्या. खोडांवर लाल रंगाने आकडे टाकलेले होते, तारेखाली येणाऱ्या झाडांची मोजणी. 400 के.व्ही.च्या वाहिनीला 46 मीटर रुंदीची मोकळी पट्टी लागते. एवढ्या रुंदीत पोफळ उंच वाढू देत नाहीत. आणि मालकाची संमती? वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली पारेषण कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देता येतात. इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवण्यासाठी केलेला कायदा आजही कुळागराच्या मालकाला 'नाही' म्हणू देत नाही. भरपाई मागता येते, अडवता येत नाही. 'झाडाची किंमत देतील, सावलीची कोण देणार,' असे ते म्हणाले. पोफळीखाली लावलेली मिरी आणि वेलची त्या सावलीवरच जगते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला. रेल्वेचे काम तिने अनावश्यक ठरवले. रेल्वेमार्गावरच्या 1:37 चढाच्या (37 मीटरला एक मीटर चढ) घाटात दुसरा रूळ टाकून फारसे काही साधणार नाही, असा तिचा सूर होता. वाहिनीच्या बाबतीत समितीने मधला मार्ग सुचवला: नवे जंगल फोडू नका, आधीच अभयारण्यातून गेलेल्या जुन्या 220 के.व्ही.च्या पट्ट्यातूनच न्या. 2022 मध्ये न्यायालयाने हे मान्य केले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. मुद्दा साधा होता. जुनी पट्टी अगोदरपासून होती, तर नव्या आखणीचा आग्रह कोणाचा होता आणि का? याचे पटेल असे उत्तर मला कुठल्याच सरकारी कागदात सापडले नाही.

सरकारची बाजू अशी की कोल्हापूरहून म्हापशाला येणाऱ्या वाहिनीवर राज्य फार अवलंबून आहे, ती पडली तर अंधार. ही चिंता खोटी नाही. पण तौक्ते वादळात, 2021 च्या मे महिन्यात, आमच्या वाड्यावर चार दिवस वीज नव्हती ती फणसाची फांदी गावच्या तारेवर पडल्यामुळे. खांब बदलायला माणसे नव्हती. गावातल्या तारा भूमिगत करणे, लाइनमन नेमणे, छपरांवर सौर पटले बसवणे ही कामे 400 के.व्ही.च्या तुलनेत बारीक दिसतात, म्हणून मागे पडतात.

सौरऊर्जेचे बोलायचे तर केंद्राच्या जुन्या अंदाजानुसार गोव्याची क्षमता 880 मेगावॅट आहे. राज्याचे सौर धोरण 2017 चे. 2050 पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. मात्र कोरबा आणि विंध्याचलची वीज त्या वाटेवर कधी आणि कशी कमी होणार, हे घोषणेत येत नाही. 2023 च्या जुलैत जी-20 देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यात झाली. जीवाश्म इंधने कमी करण्यावर एकमत झाले नाही आणि संयुक्त निवेदनाविनाच ती संपली. दोनच दिवसांनी, 24 जुलैला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतच्या अभयारण्यांचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हादईचे जंगल त्याच वर्षी मार्चमध्ये दिवसचे दिवस पेटत होते. पुढच्या फेब्रुवारीत बेतुलला तेल आणि वायू क्षेत्राचा मोठा मेळा भरला. हवामान कृती आराखडा, मंत्र्यांची परिषद, तेलाचा मेळा आणि व्याघ्र प्रकल्पाला विरोध हे सगळे केंद्र आणि राज्य मिळून एकाच वर्षाच्या कामकाजात बसते, आणि आक्षेप घेणारे बोट ठेवतात ते इथेच.

वाहिनीचे काम पुढे सीमेपलीकडे अडले. नरेंद्रहून येणारी तार कर्नाटकातल्या घाटाच्या जंगलातून यायची होती आणि तिथे सत्तर हजारांहून अधिक झाडे जाणार होती. 2024 मध्ये कर्नाटकने परवानगी नाकारली. कारण म्हणून झाडे आणि वन्यजीव पुढे केले. पण म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाला वन्यजीव मंजुरी मिळत नाही, हा रागही तिथल्या नेत्यांनी लपवला नाही. मोलेच्या ग्रामस्थांनी चार वर्षे मांडलेला जंगलाचा युक्तिवाद तेव्हा शेजारच्या सरकारच्या पत्रात आला, आणि त्याला उत्तर देताना पणजीहून लिहिले गेले की वीज ही गोव्याची निकड आहे, झाडांचा प्रश्न नियमानुसार सोडवता येईल.