ई-पुस्तकासाठीही नंबर का लावावा लागतो?

ग्रंथालयाचं ॲप उघडायचं, सभासद-क्रमांक आणि पिन टाकायचा, हवं ते पुस्तक शोधायचं. इथवर सगळं मिनिटभरात होतं. मग पडद्यावर येतं: सर्व प्रती वाचकांकडे आहेत, नंबर लावा. फाइलच्या कितीही नकला निघू शकतात, मग प्रती संपल्या कशा? याचं उत्तर संगणकवाल्याकडे मिळत नाही, वकिलाकडे मिळतं.

आजच्या बहुतेक पद्धती अमेरिकेत घडल्या, त्यामुळे गोष्टही तिथूनच सुरू होते. बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने आपल्या एका कादंबरीत छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर तो हक्कभंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ मध्ये निकाल प्रकाशकाच्या विरोधात लागला. एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हुकूम चालत नाही, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची देवघेव याच तत्त्वावर उभी आहे. पुस्तक विकत घ्यायचं आणि पानं सुटेपर्यंत फिरवायचं. प्रकाशकाला विचारण्याचा प्रश्नच नाही.

फाइलच्या बाबतीत हा आधार निसटतो. ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क प्रताधिकार असणाऱ्याचा. त्यामुळे ग्रंथालयाच्या हाती पुस्तक येत नाही, परवाना येतो. त्यात अटी कुठल्या घालायच्या, किंमत काय लावायची, मुळात द्यायचा की नाही, हे सगळं देणाऱ्याच्या मर्जीवर.

सुरुवातीला कुणाला याची फारशी फिकीर नव्हती. १९९८ मध्ये निघालेल्या नेटलायब्ररी कंपनीने ग्रंथालयांना संगणकावर वाचायची पुस्तकं पुरवली, तीही एका वेळी एका वाचकालाच. प्रकाशकांना न घाबरवणारी ही व्यवस्था पुढे सगळ्यांनी उचलली; नंबर लावावा लागतो तो त्यामुळेच. कंपनी मात्र लवकरच डबघाईला आली आणि २००२ मध्ये ग्रंथालयांच्याच सहकारी संस्थेने, ओसीएलसीने, ती घेतली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ओव्हरड्राइव्ह या ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतीने ई-पुस्तकं घरपोच उतरवून घेण्याची सोय केली. तेव्हा ते बरंच किचकट काम होतं. संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं, ओळख नोंदवायची, मग कुलूपबंद फाइल उघडायची; मुदत संपली की ती आपोआप निकामी व्हायची. दंड नाही, हा एक फायदा. ऑडिओबुकची तर अजबच तऱ्हा होती: कुलूप लावलेल्या विंडोज मीडिया फाइली आयपॉडवर वाजत नसत, आणि त्या काळात लोकांच्या खिशात आयपॉडच असायचा.

वाचनयंत्रं आणि स्मार्टफोन हातोहाती आले तसे प्रकाशक सावध झाले. घरबसल्या फुकट मिळालं तर विकत कोण घेणार, ही धास्ती. २०११ च्या सुरुवातीला हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने जाहीर केलं की एक परवाना २६ वेळा उसना गेला की संपला. पुन्हा विकत घ्या. दोन आठवड्यांच्या मुदतीने वर्षभर फिरलं तर २६ वेळा होतात, हा हिशेब. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी त्याच प्रकाशकाची भरपूर फिरलेली छापील पुस्तकं कॅमेऱ्यासमोर ठेवून दाखवलं की ती अजून धडधाकट आहेत. माझ्या मते त्या वादातला सगळ्यात चोख युक्तिवाद तोच. अट मात्र तशीच राहिली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ग्रंथालयाची पुस्तकं ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर मिळू लागली. पेंग्विन या प्रकाशनसंस्थेला ती सोय जरा जास्तच सुखाची वाटली असावी. २०१२ मध्ये काही काळ त्यांची पुस्तकं किंडलवर थेट येत नसत; आधी संगणकावर उतरवा, मग केबल जोडून यंत्रात टाका. वाचकाला थोडा त्रास झालाच पाहिजे, म्हणजे तो दुकानाकडे वळेल, असा तो विचार. रँडम हाउसने त्याच वर्षी ग्रंथालयांसाठीच्या किमती काही पुस्तकांबाबत तिपटीपर्यंत नेल्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलनने पुढचं टोक गाठलं: नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला एकच प्रत, मग ते शहर केवढंही असो. अनेक ग्रंथालयांनी खरेदीच थांबवली. मार्च २०२० मध्ये साथीने वाचनालयांची दारं बंद झाली, तेव्हा ही अट मागे घेतली गेली. त्या वर्षी ओव्हरड्राइव्हवरून ४३ कोटी ई-पुस्तकं, ऑडिओबुकं आणि मासिकं वाचकांकडे गेली.

युरोपात न्यायालयाने जरा वेगळी वाट दाखवली. २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने निर्णय दिला की एका वेळी एकालाच दिलं जात असेल तर ई-पुस्तक देणं काही अटींवर छापील पुस्तक देण्यासारखंच मानता येईल. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने स्वतःकडची छापील पुस्तकं स्कॅन करून, तेवढ्याच प्रती उसन्या देण्याचा मार्ग काढला होता. साथीच्या काळात त्यांनी प्रतींची मर्यादाही उठवली, प्रकाशकांनी खटला भरला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही आर्काइव्ह हरलं.

चित्रपट आणि संगीताचा मार्ग निराळा. हूपला आणि कॅनपी या सेवांवर नंबर लावावा लागत नाही, कारण तिथे प्रत विकत घेतलेलीच नसते. सभासदाने काही पाहिलं की ग्रंथालयाला त्या वापराचे पैसे मोजावे लागतात. वाचकाला हे छान वाटतं, पण लोकप्रियता वाढली की बिल फुगतं. म्हणून सभासदामागे महिन्याची मर्यादा येते, आणि हूपलावर दिवसाचा निधी संपला तर ‘उद्या या’ असंही दिसतं. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालयांनी २०१९ मध्ये खर्च पेलत नाही म्हणून कॅनपी बंद केली.